शिंगट्याची सोयरीक

लोणी भापकर,
बुधवार

ती. बापूसाहेब दाजींच्या पायांशी धाकटा मेव्हणा जोतीराम याचा दंडवत. इकडे सगळे खुशाल आहोत (म्हैस सोडून, तिचं पुढे येईल). अक्काचे गुडघे काय म्हणतात आणि तुमची साखर कितीवर आहे, ते सवडीनं कळवावं. फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'व्हय दाजी' म्हणतो, असाच आपला रिवाज असल्यामुळे हे पत्र दुधाच्या गाडीवाल्याबरोबर वरकुट्याला धाडतोय.

येत्या रविवारी तुम्ही आमच्या संस्कृतीला बघायला पाहुणे घेऊन येणार. स्थळ चांगलंच आहे. तुम्ही आणलंय म्हटल्यावर नाव ठेवायची माझी काय छाती! लग्नानंतर पोरीनं शिक्षण सोडायचं, एवढी एकच त्यांची अट, आणि तीही मी कबूल केली होती. (तुम्ही समोर बसला होता.) तर त्या रविवारची तयारी कुठवर आली, ते सांगतो.

पोरगी बारामतीच्या कॉलेजात गोड्या पाण्यातल्या माशांच्या गुणसूत्रांवर पीएचडी करते, हे तुम्हाला ठाऊक आहेच. म्हणजे 'पोरगी मासं कापती' असं तुम्ही निम्म्या तालुक्याला सांगितलंय. नीरा नदीतला शिंगटा मासा आणि तुमच्याकडच्या उजनीच्या पाण्यातला शिंगटा, दोघं एकाच घराण्यातले की फार मागे फुटलेले, हे तिला शोधायचंय. त्यासाठी उजनीतला मासा हवा, तोही जिवंत. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, तरी बापाचं काळीज. गेलो इंदापूरला अफजलभाईंच्या दुकानी. त्यांनी विचारलं, रस्सा का फ्राय? मी म्हटलं, गुणसूत्रं. ते म्हणाले, "ती तुमी घरी काढा तात्या, आमी फकस्त मुंडी काढून देतो."

मासा आणायचा कशात, तर घरचं दुधाचं कॅन होतं. ते मोटारसायकलला बांधून बारामतीपर्यंत आलो. वाटेत जिथं चहाला थांबलो तिथं लोक झाकण उघडून बघत आणि मासा शेपटीनं त्यांच्या तोंडावर पाणी मारी. मासा पोरीच्या हाती सुखरूप पोचला. मात्र कॅन धुऊन (माझ्या मते स्वच्छ) संध्याकाळी त्यात दूध घातलं, तर संकलन केंद्रावरच्या माणसानं नाक आत घातलं आणि विचारलं, "तात्या, म्हैस लई वेळ तळ्यात बसती का?" दूध परत आलं आणि गावात बिचाऱ्या म्हशीचं नाव झालं.

आता शास्त्र ऐका. माशाला इंजेक्शन देतात. त्यानं पेशींची वाटणी ऐन मध्यावर थांबते आणि गुणसूत्रं जागच्या जागी सापडतात. (तुमच्या आणि तुमच्या थोरल्या भावाच्या बांधाच्या भांडणावेळी हे औषध मिळालं असतं, तर मोजणीवाल्याचे हेलपाटे वाचले असते.) कधी दोन लहान गुणसूत्रं जुळून एक मोठं होतं, आकडा कमी होतो, ऐवज बराचसा तोच राहतो. वेगळ्या झालेल्या दोन चुली पुन्हा एक व्हाव्यात तसं. माशांत हे घडतं म्हणे, आपल्या भावकीत अजून पाहण्यात नाही.

गेल्या शनिवारी पोरीनं त्या गुणसूत्रांचा फोटो छापून घरी आणला. तिच्या मॅडमचा आग्रह असा, की कात्रीनं एकेक गुणसूत्र कापून हातानं जोड्या लावायच्या. आमच्या मातोश्री दगडाबाई जवळच बसलेल्या. जोड्या लावायच्या म्हटल्यावर त्या गप्प राहतील? पन्नासेक सोयरिकी जमवल्याचा अनुभव. त्यांनी चष्मा चढवला आणि सारख्या दिसणाऱ्या जोड्या भराभर मोडायला घेतल्या.

"आगं, ह्ये दोगं एका तोंडवळ्याचं. भावकीतलं दिसत्यात. ह्यांचं कसं जमंल?"

"आजी, यातलं एक आईकडनं आलंय, एक बापाकडनं. सारखं हाय म्हणूनच जोडी."

"मंजी आईचंबी बापायेवढंच?" मातोश्रींनी एकदा माझ्याकडे बघितलं. नंतर निमूट जोड्या लावल्या. शेवटी दोन तुकडे उरले, एक लांबडा आणि एक अगदी बुटका. ही नराची खूण असावी, असा पोरीला संशय. पण एका माशावरून ठरवता येत नाही, पाच-सात तरी बघायला हवेत, असं ती म्हणाली.

हे ऐकून मातोश्रींनी सुपारी कातरायला घेतली. मग मला म्हणाल्या, "जोत्या, माशाचं ठरवायला पाच-सात बघत्यात. पोरीचं आपुन एका चहावर ठरवायलोय व्हय?" पोरीनं मान वर केली नाही, पण तिच्या हातातली कात्री थांबली. दाजी, मला फार वाईट वाटलं. तिच्यापुढे मी आजवर नुसता खर्च कबूल केला होता, तिचं काम कधी कबूल केलं नव्हतं.

असो. तयारी म्हणतात ती एवढीच झाली. अक्काला नमस्कार.

आपला,
जोतीराम

ता. क. रविवारी पाहुण्यांना आणू नये. तुमच्या रागाची मला धास्ती आहेच. पण तुम्ही वरकुट्याला असता आणि मातोश्री घरातच असतात.

आणखी ता. क. म्हणून रिकाम्या हातानं मात्र येऊ नका. उजनीतले शिंगटे आणा, जिवंत आणि नर. कसे ओळखायचे ते अफजलभाईंना विचारा. कॅन याच गाडीबरोबर पाठवलंय. मातोश्रींनी बजावलंय, पाच-सात तरी आणा. तुम्ही आणलेल्या पहिल्याच स्थळाला आता या घरात कुणी पसंती देणार नाही.