बुधवारची चाल

बुधवार, ४ ऑक्टोबर १८७६
आजही असाहेल घोडागाडी घेऊन नदीपलीकडे गेला. म्हणे तिथल्या चर्चचा बाजा दुरुस्त करायचाय. सलग सहा बुधवार? बाजा आहे की आगगाडीचं इंजिन! लग्नाला अकरा वर्षं झाली – खोटं बोलताना तो कानाची पाळी चोळतो. आज लाल होईपर्यंत चोळली.

गुरुवार, ५
त्याच्या कोटाला साबणाचा वास. आमच्या घरातला नव्हे.

रविवार, ८
त्याने केलेली स्तोत्राची नवी चाल आज चर्चमध्ये सगळ्यांनी गायली. दोन वर्षं या माणसाला एक ओळ सुचली नव्हती. आणि आता ही! सगळे रडले. मीसुद्धा. डीकन प्रेंटिस म्हणाले, देवानेच तुमच्याकडून लिहून घेतली. असाहेलने मान खाली घातली. लोकांना नम्रपणा वाटला. मला चोर दिसला.
कोणासाठी केली असेल? अकरा वर्षांच्या बायकोसाठी कोणी अशी चाल करत नाही.

बुधवार, ११
पाववाल्याच्या गाडीत बसून मागोमाग गेले. कातडी कमावणाऱ्यांच्या वस्तीतलं शेवटचं घर. तो निघून गेल्यावर दार ठोठावलं.
साठीची बाई! धुणी धुऊन सुजलेले हात. मी असाहेल थॉर्नबरींची बायको म्हटल्यावर तिने खुर्ची पुसली, मक्याचा पाव पुढे केला, आणि सगळं आपणहून सांगितलं. चाल तिची. ती गुणगुणते, तो लिहून घेतो.
“मग चालीवर त्यांचं नाव का छापलंय?”
“मीच हट्ट धरला. माझं नाव वाचून कोणी गायला तोंड उघडेल का? माझ्या पोराला, हायरमला फाशी झाली, बाई. हायरम स्ट्राउड.”
माझ्या धाकट्या भावाला भोसकणारा हायरम स्ट्राउड. रूबेन तेव्हा बावीस वर्षांचा होता.
मी कोणाची बहीण ते सांगितलं नाही. पाव तसाच ठेवून उठले.

गुरुवार, १२
असाहेलला एवढंच म्हटलं, काल तिच्याकडे जाऊन आले. ती कोणाची आई, ते त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून त्या घरात जाऊन बसत होता – आणि मला ती चाल गायला लावली!

शनिवार, १४
आज त्याने चालींची वही माझ्यापुढे उघडून ठेवली. चालींना नावं देतात; छापताना त्याने हिचं नाव बदललं होतं. वहीत मात्र म्हातारीने सांगितलेलंच आहे.
रूबेन.