वास पार गेलाय

चितेगाव, ४ मार्च २०२५

ती. दीपमाला अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

डबा पोचला. इथं कारखान्यात ठिणगीच्या भीतीनं मोबाइल गेटवरच ठेवून घेतात आणि टाक्या साफ होईपर्यंत, म्हणजे पंधरा दिवस, मुक्काम आतच. तेव्हा रिकाम्या डब्यातून ही चिठ्ठी. राजकुमार रिक्षावाला औरंगपुऱ्यात तुझ्या हातात देईल.

सांडपाण्याच्या टाक्यांना सडक्या अंड्यांचा लई घाण वास आहे. हवा तपासायचं मोजयंत्र दुरुस्तीला गेलंय, म्हणून साहेबांनी माझ्या नाकाला मान दिला. लहानपणी गल्लीत कुणाकडं काय फोडणीला पडलं हे मी घरबसल्या सांगायचो, ही फुशारकी मीच त्यांच्यापुढं मारली होती. आता मी झाकणाशी हुंगतो, साफ म्हणतो, मगच माणसं शिडीनं उतरतात. भावाचा अभिमान वाटू दे जरा!

लोभ डब्याइतकाच भरलेला असावा.
तुझा, सुदर्शन


औरंगपुरा, ५ मार्च

चि. सुदर्शनास,
अनेक आशीर्वाद.

अभिमान राहू दे, मला धडकी भरली. कॉलेजात पोरांना रसायनशास्त्र शिकवते, म्हणून ऐक. तो हायड्रोजन सल्फाइड आहे. कारखान्यात त्याची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत दहा भाग, एवढीच. सुरुवातीला वास येतो, पण रोज हुंगून नाक बधिर होतं. आणि वायू फार वाढला तर आधी वासच मरतो. माणसाला वाटतं हवा साफ झाली, आणि तो उभ्या उभ्या कोसळतो. यंत्र येईपर्यंत कुणालाही उतरू देऊ नकोस. साहेबांना हे वाचून दाखव.

डोळे चुरचुरतात का, तेही कळव. जिवाला जप.
अक्का


चितेगाव, ९ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. न.

पत्र वाचून दाखवलं. साहेब हसले, वास मेला नाही, आपण मारलाय, असं बहीणबाईंना कळव म्हणाले. खरंच, परवापासून वास पार गेलाय. टाकीत चुना टाकला, त्याचा गुण. डोळे चुरचुरतात, पण ते उन्हानं.

एक तक्रार आहे. वरणाला लसणाची फोडणी द्यायला का विसरतेस? तीन दिवस सपक खातोय. उद्या चार वाजता सगळ्यांत खोल टाकी आहे. साफ म्हणणारा मी, तेव्हा पहिला मीच उतरणार.

रागावलीस तरी डबा बंद करू नकोस.
सुदर्शन


औरंगपुरा, १० मार्च, सकाळ

सुदर्शन,

आशीर्वाद नंतर. वरणात रोज दहा पाकळ्या लसूण पडतोय. तुझा डबा परत येतो तो सडक्या अंड्यांचा वास मारत. राजकुमार तो पिशवीत बांधून, हात लांब करून देतो. वास गेलेला नाही, बाळा. तुझं नाक गेलंय.

डब्यात एक पुडी आहे. उघडून हुंग आणि काय आहे ते कळव. ओळखलंस तरी यंत्राशिवाय उतरायचं नाही. मला फार भीती वाटते आहे. चारच्या आत दोन ओळी पाठव.
अक्का


चितेगाव, १० मार्च, संध्याकाळ

ती. अक्कास,
शि. सा. न.

मी वर आहे. चारच्या आत लिहिता आलं नाही, माफ कर.

पुडी उघडली तेव्हा वाटलं, तू मस्करीत पिवळी माती बांधून दिलीस. नाक लावून हुंगलं, काहीच नाही. तेवढ्यात कालच रुजू झालेला सत्यम पार दाराशी उभा राहून विचारायला लागला, एवढा हिंग कुणी आणला म्हणून. माझ्या शब्दावर इतके दिवस माणसं शिडीवर पाय ठेवत होती.

मी टाकीचं झाकण लावून त्याच्यावर बसलो. साहेब ओरडले, तरी उठलो नाही. शेवटी शेजारच्या कारखान्यातून यंत्र मागवलं. अक्का, ते टाकीपर्यंत न्यावंच लागलं नाही. आम्ही रोज ज्या बाकावर तुझा डबा खातो, तिथंच ते किंचाळायला लागलं. आणि मला मात्र हवा अगदी स्वच्छ लागत होती, आपल्या शेतातल्या पहाटेसारखी.

सगळे गेटबाहेर आलोत. मोबाइल हातात आहे, पण हे बोलवत नाही, म्हणून चिठ्ठीच. उद्या दवाखान्यातून घरी येतो. स्वयंपाकघरात काही जळत असलं तर हाक मारून सांगत जा. मला कळायचं नाही.

लोभ आहेच, तो अजून ओळखू येतो.
तुझा, सुदर्शन