व्हॉल्व्हवरचा पिवळा ठिपका

॥ श्री ॥

सोलापूर
सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५

ति. मायाक्का आत्यास,
सृष्टीचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

घडलं ते आधी क्रमाने लिहिते.

१. रविवार, १२ जानेवारी. आमच्या गाडीच्या इंजिनाचा पीसीव्ही व्हॉल्व्ह मी स्वतः बदलून नवा बसवला. ही अंगठ्याएवढी झडप असते. इंजिनाच्या पोटात साठलेली वाफ ती परत जाळायला पाठवते. किंमत किरकोळ. ठरावीक किलोमीटर झाले की बदलायची, एवढंच.
२. नव्या व्हॉल्व्हवर मी पिवळ्या रंगाचा ठिपका दिला. बसवलेल्या प्रत्येक भागावर मी देते.
३. त्यानंतर तुमच्या वेळापूरला येईपर्यंत बॉनेटला कुणाचा हात लागला नाही.
४. रविवार, २६ जानेवारी. तुझ्या सुकन्याच्या लेकराचं जावळ. गाडी दिवसभर तुमच्या अंगणात, लिंबाखाली उभी. किल्ली दाराशेजारच्या खुंटीवर. संध्याकाळी आप्पांनी याच गाडीतून पाहुण्यांना अकलूजला सोडलं. मी शेजारी बसले होते.
५. शुक्रवार, ३१ जानेवारी. सात रस्ता चौकातल्या सिग्नलला गाडी उभी असताना इंजिन थरथरून बंद पडलं. दोनदा.
६. रविवार, २ फेब्रुवारी. व्हॉल्व्ह काढून पाहिला. ठिपका नाही. आतली स्प्रिंग सैल. तो माझा नवा व्हॉल्व्ह नाही. कुणीतरी नवा काढून घेऊन जुना बसवला आहे.

आता जे लिहायला जड जातं ते. त्या दिवशी तुमच्या अंगणात असं काम येणारा माणूस एकच होता, तुझा जोतिराम. माळशिरसच्या गॅरेजात तो रोज हेच करतो.

आमच्या कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये दोन मेकॅनिक घ्यायचे आहेत. जोतिरामचा फॉर्म माझ्याकडे आहे. त्यात एक रकाना आहे: या व्यक्तीच्या कामाची आणि सचोटीची खात्री देता का? तिथे माझी सही लागते. ती नसेल तर फॉर्म पुढे जात नाही. त्याने तीन वर्षं या जागेची वाट पाहिली आहे हे मला माहीत आहे. सही मी अजून केलेली नाही.

फोन केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि निम्मी गल्ली ऐकते. शिवाय फोनवर तू रडतेस आणि मग मला विचारायचं ते राहून जातं. म्हणून कागद. त्याला विचार आणि तो काय म्हणाला ते लिही. आप्पांना यातलं काही सांगू नकोस.

बाळाला गोड पापा. माया कमी करू नकोस.

तुझी
सृष्टी

•

॥ बिरोबा प्रसन्न ॥

वेळापूर
ता. १० फेब्रुवारी

चि. सृष्टीस मायाक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बया बया, नंबर टाकून लिवलंस की. कोर्टाची नोटीस आली म्हणून तुझ्या मामांनी चष्मा शोधला. उद्या सासू मिळाली तर तिलाबी असंच लिवशील, १ भाजी खारट, २ भाकरी कडक. म्हणून तर कोण मिळंना.

आमी मेंढरं राखणारी माणसं. कळपातलं एक कमी आलं तर आदी आपलाच कळप दोनदा मोजतो, मग शेजाऱ्याकडं बघतो. तू शिकलेली हायस, तू डायरेक शेजाऱ्याकडं बघितलंस. आनि शेजारी कोण, तर तुझ्याच पाठीवर बसून मोठा झालेला जोत्या. बोंडाएवढी वस्तू ती, त्याच्या गॅरेजात पाटीभर पडलेल्या असतील. त्यो तुझी कशाला घील?

तरीबी तू म्हणलीस म्हणून इचारलं. जेवताना इचारलं. त्यो म्हणाला की मी गाडी निस्ती पुसली. बास. मान खाली घालून भाकरी कुस्करत बसला. मला वाटलं वाईट वाटलं आसंल. त्या दिवशीबी पोरगं पंगतीला सगळ्यात शेवटी बसलं, घासलेटनं हात धूत बसलं हुतं कितीतरी येळ. पाहुण्यांचं त्यानं लई केलं, आनि त्याला ह्ये बक्षीस.

तू नको म्हणलीस तरी तुझ्या आप्पाला मी सांगितलं. माझा सख्खा भाऊ हाय त्यो, हितंच ऱ्हातो, माझ्या पोटात काय ऱ्हात न्हाय. त्यो म्हणाला की पोरीला म्हणावं गाडी चालतीय न्हवं, मग लई खोलात जाऊ नगं. आनि च्या तसाच टाकून उठून गेला. एसटीत तीस वर्सं गाडी चालवलेला माणूस, गाडीचा इषय निगाला की तासभर हलत न्हाय, आनि उठून गेला बघ. तुझ्यामुळं त्यालाबी लागलं.

सही कर बाई. पोराचं वय चाललंय. रोज पोस्टमनची वाट बघतंय. तू मोठी हायस, मोठ्यानं मोठ्यावानी वागावं.

येताना शेंगाची चटणी आन. आमच्यावर राग धरू नगंस, आत्याला इसरू नगंस.

तुझी आत्या
मायाक्का

•

॥ श्री ॥

सोलापूर
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

ति. आत्यास,
सृष्टीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र वाचलं. चटणी आणेन. सासूचा विषय पुढच्या पत्रासाठी ठेवते.

रागावू नकोस, पण तीन गोष्टी आहेत, त्यातल्या दोन तुझ्याच पत्रातल्या.

जोतिराम म्हणतो की गाडी नुसती पुसली. गाडी ओल्या फडक्याने पुसतात. त्यासाठी हात घासलेटने धुवावे लागत नाहीत. घासलेट लागतं ते काळं तेल हाताला लागल्यावर. म्हणजे त्याने बॉनेट उघडलं होतं आणि आईशी खोटं बोलला.

दुसरी गोष्ट मी आधी लिहिली नव्हती. व्हॉल्व्हच्या नळीवर एक तारेची क्लिप असते. तिला पक्कडीत धरायला दोन कान असतात. मी डावरी, त्यामुळे माझ्या हातून ते कान नेहमी बॅटरीकडे वळतात. आता ते उलट बाजूला आहेत. काम उजव्या हाताने झालं आहे. नीट, घाई न करता, क्लिप पूर्ण बसवून. रस्त्यावरच्या चोराला एवढी सवड नसते.

तिसरी गोष्ट आप्पांची. ते चहा टाकून उठत नाहीत. त्यांना काहीतरी माहीत आहे आणि ते कुणालातरी वाचवत आहेत. भाच्याला, असं मी धरते.

तू म्हणतेस की गॅरेजात असे व्हॉल्व्ह पाटीभर असतात. मलाही तेच कळत नाही. वस्तूची किंमत इतकी थोडी आहे की चोरी पटत नाही. पण चोरी नसेल तर लपवाछपवी कशाची? मला व्हॉल्व्ह परत नको आहे. मला ज्याच्यासाठी सही करायची तो माणूस काय लपवतो हे हवं आहे. आमच्या वर्कशॉपमध्ये कामगारांच्या बसगाड्या दुरुस्त होतात. एका बसमध्ये चाळीस माणसं असतात.

हे पत्र जोतिरामला दे. उत्तर त्याने स्वतः लिहावं, तू सांगून नाही. फॉर्म सोमवारी, १० मार्चला द्यायचा आहे. रकाना अजून रिकामा आहे.

मामांना नमस्कार. माझ्याविषयी मनात काही आलं असेल तर ते या विषयापुरतंच ठेव.

तुझी
सृष्टी

•

॥ श्री ॥

वेळापूर
मंगळवार, १८ फेब्रुवारी

ति. सृष्टीताईस,
जोतिरामचा नमस्कार.

ताई, पत्र लिहायची सवय नाही. आयटीआयच्या परीक्षेनंतर एवढं पहिल्यांदाच लिहितोय. चुकलं तर हसू नको. तू हसत नाहीस म्हणा.

व्हॉल्व्ह मीच बदलला. आईशी खोटं बोललो. चोरी नाही केली, बिरोबाची आण.

जावळाच्या दिवशी दुपारी मामांनी, म्हणजे तुझ्या आप्पांनी, मला हाक मारली. म्हणाले की सृष्टीला कामातून येळ मिळत नाही, नवा व्हॉल्व्ह आणलाय पण खोक्यातच पडून आहे, गाडीच्या कप्प्यात. तिला न सांगता बसवून टाकू, खूश होईल. मी बॉनेट उघडलं, व्हॉल्व्ह काढला, तर तो कोरा करकरीत. त्यावर पिवळा ठिपका. खोक्यातला बाहेर काढला तर तो धुतलेला, स्वच्छ, पण हलवला की आत खडखड बारीक येते, नव्यात ती टणक येते. मला कळलं की ताईनं आधीच बदललाय आणि काढलेला खोक्यात घातलाय. आमच्या गॅरेजात पण गिऱ्हाइकाला जुना पार्ट नव्याच्या खोक्यात घालूनच देतात, बदलल्याची खूण म्हणून.

मी मामांना म्हणालो की मामा, बसलेलाच नवा आहे. मामा चिडले. म्हणाले की तीस वर्सं डेपोत काढली, खोक्यातनं येतो तो नवा आणि भंगारच्या पेटीत जातो तो जुना, तू मला शिकवतोस व्हय? मी म्हणालो की हा बघा ठिपका. ते म्हणाले कुठाय. मी ठिपक्यावर बोट ठेवलं. ते व्हॉल्व्ह पार नाकापाशी घेऊन गेले, उन्हात फिरवला, आणि परत म्हणाले कुठाय.

ताई, तेव्हा कळलं. त्यांना ठिपका दिसतच नव्हता. हातावरचा व्हॉल्व्हच धड दिसत नव्हता.

मग मी वाद सोडला. पाहुणे बघत होते. खोक्यातला बसवला आणि काढलेला सवयीनं खोक्यात घालून परत कप्प्यात ठेवला. नंतर मामांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले की उजव्या डोळ्यावर वर्षभरापासून पडदा आलाय, आता डावा पण. पोरीला कळलं तर गाडीला हात लावू देणार नाही. गाडी गेली तर मी राहतो कशाला. त्यांनी माझा हात त्यांच्या डोक्यावर ठेवून कुणाला न सांगायची शपथ घ्यायला लावली. संध्याकाळी ते अकलूजला गाडी घेऊन निघाले तेव्हा मी लिंबाखाली उभा होतो. म्हणायचं होतं की मी चालवतो. तोंड उघडलं नाही.

तुमची गाडी परत अंगणात येईपर्यंत मी तिथंच उभा राहिलो. आता शपथ मोडली. नोकरीसाठी मोडली असं तुला वाटेल. वाटू दे.

आईला यातलं माहीत नाही. मोठ्या मनानं घे, आणि नाही घेतलंस तरी ताईच आहेस.

तुझा
जोतिराम

•

॥ श्री ॥

सोलापूर
शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५

चि. जोतिराम यास,
सृष्टीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. ते वाचून खाली गेले आणि कप्प्यातलं खोकं उघडलं. आत पिवळा ठिपका होता. जवळजवळ चार आठवडे नवा व्हॉल्व्ह माझ्याच गाडीत होता.

आत्याला लिहिलेल्या यादीत सहा कलमं होती. त्यात एक कमी होतं: काढलेला व्हॉल्व्ह पेट्रोलने धुऊन, वर काही न लिहिता, नव्याच्या खोक्यात ठेवला. आमच्या कारखान्याची ती पद्धत आहे, पण वर तारीख घालायची असते. मी घातली नाही, आणि मला ते लिहिण्यासारखंही वाटलं नाही. तुझ्यावर चोरीचा आळ घेतला तो चुकीचा होता. तसं आत्याला वेगळ्या कागदावर लिहिलं आहे. आप्पांच्या डोळ्यांविषयी त्यात काही नाही.

अकलूजच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीमागे आप्पांनी ब्रेक फार उशिरा दाबला होता. ट्रॉलीला मागे दिवा नव्हता, म्हणून मी काही बोलले नाही. मागच्या सीटवर सुकन्याची सासू होती आणि तिच्या मांडीवर बाळ. बंपर आणि उसाच्या टोकांमध्ये हातभर अंतर उरलं होतं. तू लिंबाखाली गप्प राहिलास, मी शेजारच्या सीटवर.

सहीचं लिहिते. तुझा हात चांगला आहे. क्लिप माझ्यापेक्षा नीट बसली होती. सचोटीबद्दल मला आता शंका नाही. पण जुना आहे हे माहीत असताना तू तो बसवलास, कारण मोठ्या माणसाने सांगितलं. वर्कशॉपमध्ये मोठी माणसं पुष्कळ आहेत. आमचे साहेब घाईत असले की म्हणतात, राहू दे, तोच बसव. त्या वेळी तू काय करशील याची खात्री मला देता येत नाही, आणि रकान्यात तेच विचारलं आहे.

म्हणून एक काम सांगते. आप्पांसमोर बसून सांग की त्या दिवशी ठिपक्याचा व्हॉल्व्ह नवा होता आणि तो त्यांना दिसला नाही. एवढी दोन वाक्यं. पाहुणे नसताना, पण तोंडावर. मी सांगू शकते. मग ते माझ्यावर चिडतील, मी गाडी हिसकावते म्हणतील आणि विषय तिथेच मिटेल. तुझं तसं होणार नाही. ठिपक्यावर बोट तुझं होतं, हे त्यांना आठवेल.

पुढचं मी बघते. शनिवारी, ८ मार्चला इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. मोतीबिंदूचा असेल तर पडदा काढता येतो, बहुतेक वेळा. गाडी काढून घ्यायची मला हौस नाही, हेही त्यांना सांग. दिसायला लागलं तर किल्ली मीच त्यांच्या हातात देईन. तोवर त्यांची मोटरसायकल तुझ्याकडे ठेव. पंक्चर आहे म्हणून सांगू नकोस. खरं कारण सांग.

शपथेचं ओझं घेऊ नकोस. डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली म्हणून माणूस मरत नाही. ट्रॉलीखाली जाऊन मरतो.

आत्याच्या आणि तुझ्या वडिलांच्या पाया पडते. तुला माझा राग आला असेल तर तो रास्त आहे. तो असला तरी ताई म्हणत राहा.

त्यांना सांगितलंस की ते काय म्हणाले ते जसंच्या तसं लिही. सांगता आलं नाही तर तेही लिही. तुझं पत्र मला गुरुवार, ६ मार्चपर्यंत मिळालं पाहिजे.

तुझी ताई
सृष्टी