बारावी चकती

शिवाजीनगर, बंगळूर
मार्च १९९७

श्रीविद्याअक्का,

माझ्या पायाची जखम भरली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तू पू तपासलास, बशीत त्यातले जंतू पसरून त्यांवर वेगवेगळ्या औषधांच्या बारा चकत्या ठेवल्यास. अकरा चकत्यांना जंतूंनी दाद दिली नाही. बाराव्या चकतीभोवती तेवढी जागा स्वच्छ राहिली. ती दाखवताना तू माझ्यापेक्षा जास्त हसलीस. पाय वाचला तो तुझ्यामुळे.

तू विचारलंस, "कधी औषधांचा कोर्स अर्धवट सोडलास?" मी म्हटलं, "छे!" खोटं बोललो. ताप उतरला की उरलेल्या कॅप्सूल मी डब्यात ठेवायचो. गच्चीवर पंख मोडलेली घार सापडली, तेव्हा त्याच तिच्या पाण्यात घातल्या. तू घरी येऊन तिची विष्ठा नेलीस. तिच्यातही तसेच हट्टी जंतू निघाले. "कुणी कुणाला दिले, सांगता येत नाही," म्हणालीस, आणि फळीवरच्या डब्याकडे एकदा पाहिलंस. स्वल्पसुद्धा रागावली नाहीस, अक्का.

हे पत्र पोस्टात टाकायचा धीर मला होणार नाही. पण जखम पाच दिवसांपूर्वीच सुकली होती, तरी त्या बाराव्या औषधाची शेवटची गोळी मी आज घेतली. डबा रिकामा आहे.

तुझा ऋणी धाकटा भाऊ,
नरसिंह