पातेलं आणायला जातोय

प्रिय ताई,

वाकून नमस्कार, पिंट्याला पापा.

काल दुपारी त्या मुलीने माझ्या पातेल्यावर झाकण ठेवलं आणि तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय. ती समोरच्या दुकानात शिवणकाम करते. तिला पहिल्यांदाच जेवायला बोलावलं होतं.

काजू परवडत नाहीत, म्हणून शिळा पाव दुधात भिजवून परतलेल्या कांद्याबरोबर वाटला आणि त्या रश्श्यात अख्खा फ्लॉवर शिजवला. अगदी लग्नातल्यासारखा दिसत होता. तिने दोनच घास खाल्ले. मी तापलो.

"आवडलं नसेल तर तसं सांग."

"आवडलं म्हणून तर बाबांसाठी नेते."

"मग सगळंच ने," मी म्हणालो. माझा स्वभाव तुला माहीतच आहे.

तिने खरंच पातेलं उचललं. दारातून म्हणाली, "भांडं न्यायला उद्या संध्याकाळी ये. बाबा घरीच असतात."

ताई, हे बोलावणं समजू की दम? कॉलेज का सोडलं असं त्यांनी विचारलं तर काय सांगू?

माझी काळजी करू नकोस, दोन्ही वेळा जेवतो. आज नुसता पाव खाल्ला, कारण पातेलं एकच आहे. आईचा गुडघा कसा आहे? आपले बाबा माझं नाव काढतात का?

शर्टाला इस्त्री केलीय. पत्र वाटेत पेटीत टाकतो. आता दार ओढून घेतो आणि जातोच.

तुझा,
धाकटा