सटवाईचा कागद

१२ मार्च १९९६, संध्याकाळ

आज बाळाचा सहावा दिवस. सटवाई नशीब लिहायला येते म्हणून आईने इंद्रलोक सोसायटीतल्या घरून हॉस्पिटलला निघताना माझ्या खिशात कोरा कागद आणि पेन कोंबलं. "काचेच्या पेटीत असला म्हणून काय झालं? उशाशी ठेव."

ठेवणारच होतो. तेवढ्यात डॉक्टरांनी कागद मागितला. मी तोच दिला. का दिला?

त्यांनी त्यावर बाळाच्या हृदयाचं चित्र काढलं. पोटात सहाव्या-सातव्या आठवड्यात एका नळीच्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या होतात. याच्या एकमेकींच्या जागी बसल्या. सहाव्या आठवड्यात तर सुमनला दिवस गेलेत हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

"जन्माआधीची एक छोटी वाट औषधाने उघडी ठेवलीय, म्हणून तो आहे," डॉक्टर म्हणाले. "ऑपरेशन अवघड आहे. सकाळी सांगा."

घरी येताच आईने विचारलं, "ठेवलास ना रे? कोराच होता ना?"

"हो."

सुमन नुसती रडतेय. म्हणते, तुम्हीच ठरवा.

नाही म्हणालो, तर त्याचं मरण मी लिहिलेलं असेल. हो म्हणालो आणि तो टेबलावरच गेला, तरी मीच.