आईंचे उपास

ऋषी,

आमच्या ऑफिसचा एक कंटेनर न्हावा शेव्याला अडकलाय, म्हणून लवकर निघाले.

पापलेटचं कालवण फ्रीजमध्ये आहे. आईंच्या तुकडीचे काटे काढ आणि भातात नीट कुस्करून दे. तूही आज तसंच खा. त्यांना एकट्यांना वेगळं वाढलंस तर हात लावणार नाहीत.

त्यांचे उपास आठवड्याला दोनाचे चार झाले, तेव्हा तू मावशींना फोनवर कौतुकाने सांगायचास, मला ऐकू जाईल असं. काल चादर बदलताना आईंच्या उशीखाली रुमालात चपातीचे चघळलेले तुकडे सापडले. दाढा हलतात, चावता येत नाही. वरीचा भात तेवढा गिळता येतो, म्हणून उपास. सहा महिने माझ्याही लक्षात आलं नाही.

शनिवारी अकराला सीवूड्सला डेंटिस्टकडे जायचंय. दात तुझे दाखवायचेत, असं मी आईंना सांगितलंय. त्यामुळे खुर्चीत आधी तू बस.

आज बुधवार आहे, तरी त्या उपास आहे म्हणतील. तू ताट वाढ. कुठल्या देवाचा उपास, ते मात्र विचारू नकोस.

क्षिप्रा